पाणी न प्यायलेली गाडी

मुंबईत कधी पाऊल न ठेवलेल्या माणसालाही हिंदमाता ठाऊक असतं. जून उजाडला की कुठल्या ना कुठल्या वाहिनीचा प्रतिनिधी छत्री आणि माईक घेऊन इथल्या चौकात गुडघाभर पाण्यात उभा राहतो आणि जे घरबसल्या दिसतंच आहे, ते 'आपण पाहू शकता' म्हणून पुन्हा दाखवतो. त्याच्या मागून एक गाडी येते. धापा टाकते, थांबते. आतला माणूस चपला हातात घेऊन उतरतो. ती गाडी कुणाची आणि तिचं पुढे काय झालं, हे वाहिनीवाले कधीच सांगत नाहीत. मी सांगतो. ती वाळवून, पुसून, पॉलिश मारून 'उत्तम स्थितीत, एकहाती वापर' अशा जाहिरातीसह बाजारात येते. आणि ती बघायला आम्ही जातो.

आम्ही म्हणजे हिंदमात्याचे रहिवासी. पावसाळा सोडला तर हिंदमाता हा कापडबाजार आहे. लग्नाच्या साड्या, ड्रेस मटेरिअल, शाळांचे गणवेश. पण इथे माणसंही राहतात आणि त्यांनाही गाडी लागते. आईला तपासणीला न्यायचं असतं, गौरी-गणपतीला गावी जायचं असतं, आणि मेव्हण्याने घेतलेली असते. तीही जुनी बघतो. एक तर नवी परवडत नाही. दुसरं कारण चारचौघांत सांगायला जास्त बरं वाटतं. आमच्या गल्लीत गाडी रस्त्यावरच उभी करायची. वर बदामाचं झाड, झाडावर कबुतरं, शेजारी पोरांचं क्रिकेट, आणि दिवसभर कापडाच्या गठ्ठ्यांनी लादलेल्या हातगाड्यांची ये-जा. नव्या गाडीला इथे पहिला ओरखडा संध्याकाळपर्यंत पडतो आणि मालकाला रात्री जेवण जात नाही. जुनी घेतली की हे काम आधीच्या मालकाने करून ठेवलेलं असतं.

जुनी गाडी बघायला निघालं की पहिल्यांदा भेटतात त्या डॉक्टरांच्या गाड्या. जुनी गाडी डॉक्टरचीच घ्यावी, असं एजंट लोक छातीठोक सांगतात. डॉक्टर गाडी सांभाळतो, वेळेवर सर्व्हिसिंग करतो, दवाखाना ते घर एवढीच फिरवतो, वगैरे. परळला केईएम आहे, टाटा आहे, वाडिया आहे, तेव्हा डॉक्टरांना तोटा नाही हे मान्य. पण विक्रीला आलेल्या सगळ्या 'डॉक्टरांच्या' गाड्या खरंच डॉक्टरांच्या असत्या, तर केईएमच्या ओपीडीत रांगच लागली नसती. माझ्या ओळखीचे डॉक्टर तर गाडी अशी चालवतात की पुढच्या माणसाला केईएमच गाठावं लागेल.

डॉक्टरांच्या खालोखाल 'कमी चाललेली' गाडी. चौदा वर्षांत वीस हजार किलोमीटर. ऐकायला गोड वाटतं. पण उभी राहिलेली गाडी फार आजारी पडते. रबर कडक होतं, बॅटरी मरते, पेट्रोलच्या टाकीत गंज धरतो, उंदीर वायरींवर पोट भरतात. मीटरवर विश्वास ठेवायचाच तर टायर बघावा. टायरच्या अंगावर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. २३१८ म्हणजे २०१८ सालचा तेविसावा आठवडा. २०११ ची गाडी, मीटरवर वीस हजार, आणि टायर २०१८ चे. मग पहिले टायर एवढ्यात झिजले कसे? असं विचारलं की एजंटला एकदम फोन येतो.

तिसरी जात मालकांच्या चलानांवरून ओळखावी. हा शोध माझा नाही, आमच्या गल्लीतल्या पोरांचा. गाडीचा नंबर आणि चेसीसचे शेवटचे आकडे टाकले की मोबाइलवर थकलेली ई-चलानं दिसतात. तारीख, वेळ, ठिकाण, वर फोटो. 'गाडी फक्त देवळात जायला वापरली' असं सांगणाऱ्या एका सज्जनांच्या गाडीची पहाटे अडीचची चलानं निघाली, तीही सिग्नल तोडल्याची आणि वेगमर्यादा ओलांडल्याची. एवढ्या घाईने कुणी काकड आरतीला जात नाही. घरच्यांना विचारून जे कळत नाही ते चलानं सांगतात. ती आधीच्या मालकाने भरली आहेत ना, हे मात्र व्यवहाराआधी बघायचं, नाहीतर त्याच्या रात्रींचे पैसे आपण भरतो.

पण हे प्रश्न कुर्ल्याच्या, ठाण्याच्या, अगदी पुण्याच्या माणसालाही पडतात. हिंदमात्याच्या माणसाचा प्रश्न एकच: हिने पाणी प्यायलंय का?

याला कारण आहे. हिंदमाता म्हणजे बशी. आजूबाजूचा सगळा उतार इथे येऊन संपतो. समुद्राला भरती असली की पाणी बाहेर जायलाही तयार नसतं, कारण भरतीचं पाणी उलट आत शिरू नये म्हणून नाल्यांच्या तोंडाशी दरवाजे बंद करावे लागतात. त्यामुळे आमच्या घरांतून अमावास्या-पौर्णिमा बघतात त्या उपासासाठी कमी आणि उधाणासाठी जास्त. 'साडेचार मीटरच्या वर' हे शब्द इथल्या शाळकरी मुलालाही कळतात. अलीकडे महापालिकेने सेंट झेवियर्स मैदानाखाली आणि प्रमोद महाजन कला पार्कखाली कोट्यवधी लिटरच्या टाक्या बांधल्या. पाणी आधी तिकडे जाऊन थांबतं आणि ओहोटी लागली की बाहेर सोडतात. फरक पडला, नाही म्हणणार नाही. पूर्वी दिवसभर तुंबायचं, आता बऱ्याचदा काही तासांत उतरतं. पण गल्लीतले लोक म्हणतात तेही खोटं नाही. वर्षानुवर्षं आम्ही पार्किंग मागत होतो, शेवटी मिळालं ते पाण्याला.

अशा ठिकाणी राहून माणूस पाण्यातल्या गाडीचा तज्ज्ञ न झाला तरच नवल. आमच्या भागातले एक मिस्त्री त्यातले अधिकारी. त्यांना गाडी बघायला नेलं की विकणारा बोनेट उघडून तयार असतो. मिस्त्री बोनेटकडे बघतही नाहीत. ते आत बसतात, चारी काचा वर करतात आणि नुसते श्वास घेत राहतात. विकणाऱ्याला वाटतं, ध्यान लावलं. गाडीत आरशाला एक सुगंधी डबी लटकत असेल तर मिस्त्री काही बोलत नाहीत. दोन असल्या तर खाली उतरतात.

मग सीटबेल्ट. आपण पट्टा ओढतो तो छातीपुरता. मिस्त्री तो पार शेवटपर्यंत ओढतात, जिथवर तो एरवी कधीच येत नाही. पाणी आत शिरलं असेल तर तिथे चिखलाची रेघ सापडते. सीटखालचे बोल्ट गंजलेत का, गालिच्याखाली हात घातला तर बारीक माती लागते का, डिकीतल्या स्टेपनीच्या खळग्यात काय साठलंय, हेडलाइटच्या काचेला आतून डाग आहे का, हे सगळं झाल्यावर इंजिन. "इंजिन धुवून मिळतं," ते म्हणतात, "पट्टा कोण धुवायला बसतोय?"

पाण्याने गाडीचं नेमकं काय होतं, तेही त्यांनीच मला समजावलं. इंजिनाचं काम हवा दाबायचं. हवा दाबली की दबते. पाणी दबत नाही. हवेच्या वाटेने पाणी आत गेलं आणि पिस्टन वर आला की दोघांपैकी कुणी माघार घेत नाही, मग मधल्या मध्ये कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी बंद पडली एवढ्यावर पुष्कळदा भागतं. सत्यानाश होतो तो मालक घाबरून पुन्हा सेल्फ मारतो तेव्हा. आणि तो मारतोच. पुढे पाणी, मागे बेस्टची बस, बसच्या मागे सगळं परळ हॉर्न वाजवतंय, अशा वेळी हात चावीवरून काढणं हे संतांचं काम आहे.

मग जुनी गाडी या कामाला बरी की वाईट? मिस्त्रींचं मत बरीच्या बाजूने आहे, आणि पुरावा म्हणून ते पद्मिनीचं नाव घेतात. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली ही गाडी. १९६४ पासून फियाट म्हणून निघायची, १९७४ साली पद्मिनी नाव पडलं, पण मुंबईच्या तोंडी फियाटच राहिली. पाण्यात पद्मिनीही बंद पडायची. पण टॅक्सीवाला उतरायचा, बोनेट उघडायचा, डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढून खांद्यावरच्या फडक्याने पुसायचा, एक शिवी द्यायचा, आणि पाणी हवेच्या वाटेपर्यंत चढलं नसेल तर गाडी निघायची. आता गाडीत संगणक असतो. त्याला फडकं चालत नाही आणि शिवीही कळत नाही. पद्मिनी टॅक्सीला मुंबईने २०२३ च्या ऑक्टोबरात निरोप दिला. ताडदेव आरटीओत शेवटची नोंदली गेलेली टॅक्सी वीस वर्षांची झाली, आणि टॅक्सीला तेवढीच मुभा. त्या दिवशी मिस्त्रींनी दुकान अर्धा तास बंद ठेवलं. शोक म्हणून की जेवायला, हे त्यांनी सांगितलं नाही.

मी एकदा हळूच विचारलं की मग खासगी पद्मिनीच घेतली तर? ते म्हणाले, "घ्या की. रविवारी चालवायला एक नंबर. सोमवार ते शनिवार तिचे पार्ट शोधायला कुर्ल्याच्या सीएसटी रोडला फिरायचं." शिवाय आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं. इतक्या जुन्या गाडीचे रबरी पाइप काय, वॉशर काय, त्या काळच्या निव्वळ पेट्रोलसाठी बनवलेले. म्हणून पद्मिनी राहिली. शोध पंधराएक वर्षांच्या साध्या हॅचबॅकवर आला.

खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. ती संपली की आरटीओत तपासणी, हरित कर, आणि पुढची पाच वर्षं. दिल्लीत असं नाही. तिथे न्यायालयांनी डिझेलला दहा आणि पेट्रोलला पंधरा वर्षांची मर्यादा घातली, त्यामुळे तिकडच्या बऱ्या गाड्या ना-हरकत प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडू लागल्या. त्यातल्या काही इकडे येतात. अशी एक गाडी दाखवताना एजंट म्हणाला, "साहेब, दिल्लीची आहे. धूर प्यायलाय, पाणी नाही प्यायली." युक्तिवाद मला फार आवडला. पण महाराष्ट्रात आणल्यावर कर पुन्हा भरावा लागतो, त्याचा आकडा ऐकल्यावर धूर माझ्याच कानांतून निघाला.

मग आमच्या चाळीतल्या एका हुशार माणसाने भूगोलाचा उपाय काढला. गाडी टेकडीवरची घ्यायची. मलबार हिल, कंबाला हिल, पाली हिल. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्याच दिवशी कुलाब्याला जेमतेम ७३. तेव्हा गाडीचं चारित्र्य म्हणजे शेवटी ती कुठल्या पावसाळ्यात कुठे उभी होती, एवढंच. तर्क बिनतोड होता. आम्ही टेकडी चढलो. गाडी चकचकीत, मालक सभ्य, चहा चांगला. निघताना त्यांच्या ड्रायव्हरला सहज विचारलं, गाडी ठेवता कुठे? तो म्हणाला, "बेसमेंटमध्ये. खालून दुसरा मजला." मिस्त्रींनी पुन्हा दार उघडलं आणि पट्टा ओढला. टेकडीवरचं पाणीसुद्धा शेवटी खालीच जातं.

इथवर आम्ही गिऱ्हाईक होतो. विकायला निघालं की हीच हुशारी आपल्यावर उलटते. आमच्या शेजारच्या तात्यांनी त्यांची गाडी विकायला काढली होती. गाडी खरंच कोरडी. तात्या एप्रिलमध्ये ती भावाकडे कल्याणच्या टेकाडावर नेऊन ठेवत आणि दसऱ्याला आणत. पण आरसीवर पत्ता छापलेला. ठाण्याहून गिऱ्हाईक आलं, गाडी आवडली, टोकन काढलं, तेवढ्यात त्याने आरसी वाचली. 'हिंदमाता' एवढं वाचून त्याने टोकनही परत खिशात घातलं आणि बिस्किटही बशीत ठेवलं. तेव्हापासून तात्या पत्ता सांगताना 'परळ' म्हणतात, फारच चौकशी झाली तर 'दादर पूर्व'. पोरीच्या लग्नाच्या वेळीसुद्धा त्यांनी इतकी लपवाछपवी केली नव्हती.

आणि मग पारशाची गाडी. मुंबईत जुन्या गाडीच्या बाबतीत यापलीकडे कौल नाही. दादर पारशी कॉलनी आमच्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर, तरी वेगळ्या देशात असल्यासारखी. रुंद फुटपाथ, झाडं, आणि झाडांखाली कव्हर घातलेल्या गाड्या. मालक ऐंशीच्या पुढचे. त्यांनी गाडीची वही काढली. पहिल्या दिवसापासूनचं प्रत्येक पेट्रोल, प्रत्येक ऑइल, प्रत्येक पंक्चर तारखेनिशी. मिस्त्रींनी वही वाचली आणि पहिल्यांदाच टोपी काढली. पट्टा ओढला, नवा कोरा. गाडीत वास होता तो फक्त जुन्या चामड्याचा. मी पैशांचं बोलणार, एवढ्यात मुलाखत उलटी सुरू झाली.

"तू काम काय करते?"

सांगितलं.

"चालवनार कोण? पोरगा? लायसन्स किती साल झाला?"

सांगितलं.

"आनी रात्री ठेवनार कुठे?"

मी मिस्त्रींकडे पाहिलं. मिस्त्री झाडाकडे पाहत होते. मी म्हटलं, "हिंदमाता."

बावाजींनी वही हळूच मिटली, गाडीच्या बोनेटवर दोनदा हात फिरवला आणि मला आत नेऊन रास्पबेरी सोडा पाजला. गाडीचा विषय पुन्हा निघाला नाही. खाली उतरल्यावर मिस्त्री म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नका. मी असतो तर मीही दिली नसती."

यानंतर बरेच दिवस मी गाडीचं नावच काढलं नाही. आणि मग एका संध्याकाळी दुसऱ्या मजल्यावरच्या नानांनी गॅलरीतून हाक मारली. त्यांची गाडी काढायची होती. २००८ ची. आरटीओत तपासणी होऊन कागद पुढे वाढवून घेतलेले, नवी नंबरप्लेटही बसवलेली. मी म्हटलं, "नाना, पण ती तर..."

"गेली होती ना पाण्यात," नाना म्हणाले. "२०१७ ला. एकोणतीस ऑगस्ट. तू पण होतास की ढकलायला."

होतो. गणपतीचे दिवस होते. पाणी सीटपर्यंत आलं होतं. अर्धी चाळ ओरडत होती, 'सेल्फ मारा, सेल्फ मारा!' आणि नाना चावी बनियनच्या खिशात घालून शांत उभे होते. मंडळाच्या पोरांनी ढकलत गाडी पुलाच्या चढावर नेली. पाणी उतरल्यावर टोचन लावून गॅरेजला गेली. सीट सोडवून आणल्या आणि चाळीच्या पॅसेजमध्ये वाळत ठेवल्या. त्या वर्षी आरतीला आलेले पाहुणे त्यांच्यावरच बसून प्रसाद खाऊन गेले. पुढच्या सीटवर बसायला लहान मुलांत भांडणं झाली. कोणतं ऑइल किती वेळा बदललं, कुठली वायरिंग नवी टाकली, किती पैसे झाले, हे नानांनी जिन्यात भेटेल त्याला सांगितलं होतं, आणि चाळीत जे एकदा सांगितलं जातं ते सगळ्यांच्या कायमचं पाठ होतं. तळमजल्यावरच्या काकूंना त्या गाडीच्या क्लच प्लेटची तारीख अजून सांगता येते, कारण त्याच दिवशी त्यांच्याकडे गॅस संपला होता.

मी इतका काळ पाणी न प्यायलेली गाडी शोधत होतो आणि प्रत्येक माणूस शपथेवर तसं सांगत होता. ज्याने पाणी कबूल केलं असा हा पहिलाच.

तरी रीत म्हणून मिस्त्रींना बोलावलं. ते आत बसले, पण काचा वर केल्या नाहीत. पट्टा ओढायला हात नेला आणि मधेच थांबले.

"हा मीच बदललाय," ते म्हणाले. "घ्या."

"पण पाणी?"

"कुठे कुठे गेलं होतं, मला तोंडपाठ आहे. बाकीच्यांचं कुठे गेलंय, ते शोधत बसावं लागतं."

पैशांचं लगेच जमलं. नानांनी ऐंशी सांगितले, मी साठ म्हटलं, काकूंनी गॅलरीतून सत्तर म्हटलं, आणि तेच ठरलं. अडलं ते जागेवर. गाडी नानांच्या खिडकीखाली उभी असायची, आणि ती जागा गाडीसोबत येते असं मी धरून चाललो होतो. नाना म्हणाले, तसं नाही, गाडी बदामाखाली न्यावी लागेल, इथे आता नातवाची उभी राहणार.

"नवी?" मिस्त्रींनी विचारलं.

"कोरी. पुढच्या महिन्यात येतेय. सगळं टचस्क्रीन आहे म्हणे."

मिस्त्रींनी गाडीभोवतीच्या रस्त्याचा उतार एकदा डोळ्यांनी मोजला, नानांच्या भिंतीवरचं कॅलेंडर उलटून जुलै महिना काढला, आणि नातवाला द्यायला म्हणून आपला नंबर त्यावर लिहून ठेवला.